बंद लिफ्टमधली सूचना

लिफ्ट बंद पडून तेरा दिवस झाले होते आणि तेराही दिवस लिफ्टवाला कामावर हजर होता. सकाळी आठच्या ठोक्याला येऊन तो तळमजल्यावरच्या आपल्या स्टुलावर बसे, दुपारी तिथेच डबा खाई, मग भिंतीला डोकं टेकून अर्धा तास डुलकी काढी आणि सहाला उठून घरी जाई. लिफ्टला वीज नव्हती, इमारतीला वीज नव्हती, अर्ध्या शहराला नव्हती. पण स्टुलाला वीज लागत नाही.

तसा माणूस वाईट होता असं कोणी म्हटलं नसतं. दारू नाही, भांडण नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बसलेला माणूस, एवढंच. बसणं हा त्याचा धंदा होता आणि त्या धंद्यात तो वाकबगार होता.

इमारत विद्यापीठाने आपल्या प्राध्यापकांसाठी बांधलेली, बारा मजल्यांची. लिफ्ट जुन्या पद्धतीची: जाळीचे दोन दरवाजे, एक लिफ्टला आणि एक प्रत्येक मजल्यावर, आणि आत पितळी दांडा. दांडा फिरवून लिफ्ट अशी थांबवायची की आतली फरशी आणि बाहेरची फरशी यांत बोटभरही उंचसखल राहू नये. हे त्याला जमे. सव्वीस वर्षांत एकाही प्राध्यापकाला त्याने ठेच लागू दिली नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. कोणी नवा माणूस घाईने जिन्याकडे वळला तर लिफ्टवाला त्याच्याकडे अशा नजरेने बघे, जणू घरात न्हाणीघर असताना हा रस्त्यावर आंघोळीला बसलाय. स्वतः तो कधीच जिन्याने वर गेला नव्हता. पहिल्या मजल्यालासुद्धा नाही. याचीही त्याला शेखी होती.

त्या इमारतीत त्याच्या खऱ्या अर्थाने ओळखीचं एकच माणूस होतं, नवव्या मजल्यावरच्या बाई. गणिताच्या निवृत्त प्राध्यापक, एकट्या, कंबरेचं हाड मोडून जोडलेलं, आणि दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. फोनचा उपयोग नाही, हाकेचा उपयोग नाही. त्यांच्या दाराच्या घंटीला लिफ्टवाल्याने पंधरा वर्षांपूर्वी विजेच्या माणसाला हाताशी धरून एक दिवा जोडून दिला होता. बाहेर बटण दाबलं की आत बाईंच्या टेबलावरचा दिवा लागे. बाईंना काही हवं असलं की त्या कागदाची सुरळी करून नवव्या मजल्यावरच्या जाळीत खोचून ठेवत. लिफ्ट वर जाताना लिफ्टवाल्याला ती दिसे. पाव, औषध, टपालाची तिकिटं, काय असेल ते तो आणून देई. या कामाच्या बदल्यात त्याने कधी काही मागितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मागायची गरजच पडली नाही. कारण त्याची मुलगी पाचवीत गणितात नापास झाली तेव्हा बाईंनी तिला संध्याकाळी वर बोलावलं, आणि मग थेट विद्यापीठात जाईपर्यंत आठ वर्षं शिकवलं. फुकट. त्या मुलीच्या डोक्यात जे काही होतं ते नवव्या मजल्यावर भरलेलं होतं. लिफ्टवाल्याने तिला फक्त वर नेलं आणि खाली आणलं.

युद्ध सुरू झालं आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना बोलावणी आली. लिफ्टवाल्याला सत्तेचाळिसावं चालू होतं. त्याची पाचावर धारण बसली. चार दिवस तो विद्यापीठाच्या कचेरीत खेटे घालत राहिला आणि पाचव्या दिवशी एक पिवळं कार्ड घेऊन आला. कार्डावर शिक्का होता: ‘अत्यावश्यक सेवा’.

“लिफ्ट थांबली तर बारा मजले थांबतील,” तो बायकोला म्हणाला. “देशाला हेही लागतं.”

“हो ना,” बायको म्हणाली. “नाही तर शत्रू बाराव्या मजल्यापर्यंत जाणार कसा?”

कार्ड त्याने सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं आणि तिथून कधी हलवलं नाही.

मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या सेवापथकात नाव घालून आली. पथकातल्या मुलांना बिनबाह्यांची पोपटी जॅकेटं मिळाली होती. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘आम्ही आहोत’ असं छापलेलं. घरात स्वतःचं ताट न उचलणारी मुलगी सकाळी सहाला उठून बेघर झालेल्या लोकांच्या शाळेत सतरंज्या टाकायला जाऊ लागली, याचं कोणत्याही बापाला कौतुक वाटलं असतं. लिफ्टवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

“घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाली,” तो म्हणाला.

“बाबा, आता खरंच लष्कर आहे,” मुलगी म्हणाली. “आणि खरंच भाकरी लागते. दिवसभर स्टुलावर बसून हे कळणार नाही तुम्हाला.”

हे वाक्य त्याच्या मनात जे रुतलं ते निघालंच नाही. पुढे जे काही झालं त्याच्या मुळाशी हे एवढंसं वाक्य होतं. मोठी माणसं मोठ्या कारणांनी बिघडतात. याला एक स्टूल पुरलं.

पथकाची एक तुकडी त्याच्या इमारतीला मिळाली. आठ जण. त्यांचा म्होरक्या संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. त्याच्या हातात कायम एक पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्याने कागद लावलेले. त्याला लिफ्टवाल्याने पहिल्याच दिवशी ‘पुठ्ठेवाला’ नाव ठेवलं, आणि नाव काही चुकीचं नव्हतं. हा मुलगा पुठ्ठ्यावर नोंद केल्याशिवाय शिंकतही नसावा. सेवेचे एकशेवीस तास भरले की दोन विषयांची परीक्षा माफ, असा नियम होता. आठांपैकी पाच जणांना युद्ध कोणाशी चाललंय यापेक्षा आपले तास किती झाले हे जास्त अचूक सांगता येई. एक जण पाण्याचा कॅन उचली, दुसरा त्याचा फोटो काढी, तिसरा फोटोला मथळा सुचवी. लिफ्टवाला हे बघत असे आणि त्याला मनापासून बरं वाटे. आपल्यासारखेच आहेत सगळे, फक्त उभे आहेत.

लिफ्ट बंद होण्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. विजेची टंचाई सुरू झाली होती. ‘उद्या सकाळपासून लिफ्ट बंद राहील’ असा कचेरीचा कागद जाळीवर लटकत होता. पुठ्ठेवाला दोन मुलांना घेऊन आला. हातात एक छापील सूचना आणि डिंकाची बाटली.

“काका, जरा लिफ्ट उघडता का? सूचना लावायची आहे.”

“लिफ्टमध्ये?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“हो. आम्ही पाहणी केलीय. सत्त्याऐंशी टक्के रहिवासी लिफ्टमधली सूचना वाचतात. जिन्यातली फक्त अकरा टक्के.”

लिफ्टवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग जाळीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. पाहणी गेल्या वर्षी झालेली असावी. विद्यापीठात एकदा टक्केवारी निघाली की तिच्यापुढे वीज, पाऊस, लढाई सगळं गौण. तोंडावर आलेलं हसू गिळून त्याने दोन्ही दरवाजे अदबीने उघडले.

“या ना, या. चांगली मधोमध लावा. दिसली पाहिजे.”

मुलांनी आरशाच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, चारही कोपऱ्यांना डिंक लावून सूचना चिकटवली. ‘पाणी, औषधं किंवा अन्न हवं असल्यास तळमजल्यावरच्या टेबलाशी निरोप पाठवा. तुम्ही एकटे नाही.’ संध्याकाळी लिफ्टवाल्याने नेहमीसारखं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि घरी जाईपर्यंत एकटाच हसत राहिला. त्याच रात्री वीजकेंद्रावर बॉम्ब पडला आणि लिफ्टच काय, पंपही बंद झाले. पहिल्या मजल्याच्या वर नळाला थेंब येईना.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठेवाला पुन्हा हजर. त्याचा चेहरा उतरलेला होता, पुठ्ठा मात्र ताठ.

“काका, इमारतीत परावलंबी ज्येष्ठ किती आहेत?”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्यांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालत नाही असे.”

“इथे मदतीशिवाय कोण कधी वर गेलंय?”

“काका, नुसता आकडा सांगा. शून्य ते पाच, सहा ते दहा, की दहाच्या वर?”

“वर जाऊन बघा की,” लिफ्टवाला म्हणाला. “पाय आहेत ना?”

मुलं वर गेली. बारा मजले चढली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. तासाभराने घामाघूम होऊन खाली आली आणि पुठ्ठेवाल्याने यादी मोठ्याने वाचली. सातव्या मजल्यापर्यंत अकरा घरांना पाणी पोचवायचं. आठवा मजला बंद, माणसं नातेवाइकांकडे गेलेली. “नववा मजला, दोन्ही घरं बंद. घंटी वाजवली, दार ठोठावलं, उत्तर नाही.” दहा, अकरा, बारा, सगळे बंद.

घंटी वाजवली! वीज नसताना! लिफ्टवाल्याच्या तोंडाशी वाक्य आलं: अहो, नवव्यावर एक घर बंद नाही. बाई आहेत तिथे. ऐकू येत नाही त्यांना. दाराखालून कागद सरकवून हलवायचा, म्हणजे त्यांना दिसतो. एवढंच बोलायचं होतं. बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात पुठ्ठेवाला म्हणाला, “काका, ते स्टूल जरा बाजूला घेता का? आमचं टेबल इथे बसेल.”

लिफ्टवाल्याने तोंड मिटलं. स्टूल उचलून दोन हात पलीकडे ठेवलं, त्यावर बसला आणि मूग गिळून टेबलाकडे बघत राहिला. तीन पायांच्या लाकडासाठी एका म्हातारीचं पाणी तोडलं, असं त्याला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर तो खरोखर चिडला असता. उद्या सांगू, एवढंच त्याच्या मनात होतं.

उद्याला काय, तो रोज येतो.

चौथ्या दिवशी मुलीने घरी विचारलं. मेणबत्तीच्या उजेडात तिघं जेवायला बसली होती आणि मुलीच्या अंगावर अजून जॅकेट होतं.

“बाबा, बाईंना पाणी कोण देतं?”

“तुमचीच पोरं बघतात.”

“नक्की ना? मी स्वतः येऊन गेले असते, पण आमच्या शाळेत आता चारशे माणसं झालीत. श्वास घ्यायला वेळ नाही.”

“न बघायला काय झालं? यादी आहे, पुठ्ठा आहे, जॅकेटं आहेत. पाठीवर लिहिलंय की, आम्ही आहोत. मग आहेतच.”

“तुम्ही एकदा वर जाऊन या ना.”

“मी ड्यूटीवर असतो,” लिफ्टवाला म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भाजीचं भांडं उगाच जोरात खाली ठेवलं. मुलीने मान डोलावली. बापावर विश्वास ठेवण्याची तिची जुनी सवय अजून मोडली नव्हती.

आता मागे फिरणं कठीण झालं. पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही, त्याला आणखीही एक कारण होतं, आणि ते कारण खिशात होतं. लिफ्टवाला पाण्याचे कॅन घेऊन जिना चढताना दिसला असता तर कचेरीतलं कोणीही म्हटलं असतं, या माणसाचे हात मोकळे आहेत, पायही धड आहेत, मग हा इथे काय करतोय? अत्यावश्यक सेवा ही बसूनच द्यायची असते. उठलं की ती संपते. म्हणून तो आठला येई आणि सहाला जाई, आणि कचेरीतला माणूस हजेरी बघायला आला की स्टुलावर जरा आणखी ताठ बसे.

बाईंचं काय, याचं उत्तर त्याने स्वतःपुरतं तयार केलं होतं. बाई हुशार. बाईंकडे दोन पिंपं आहेत. एक माणूस दिवसाला पाणी पितो किती? दोन तांबे. आणि त्या तर चिमणीएवढ्या. हिशेब सुटला की त्याला बरं वाटे. बाईंनी त्याच्या मुलीला आठ वर्षं जे शिकवलं ते त्याने असं वापरलं.

सहाव्या दिवशी त्याला एक कल्पना सुचली आणि त्याचे दिवस मजेत जाऊ लागले. तेराव्या दिवशी डीनसाहेब पथकाचं काम बघायला येणार होते. फोटोवाला येणार होता. सगळ्या तुकड्या याच इमारतीत जमणार होत्या, मुलीचीसुद्धा. त्या सगळ्यांसमोर आपण कुलूप काढायचं, जाळी सरकवायची आणि ती सूचना दाखवायची. बंद लिफ्टमध्ये लावलेली सूचना! पुठ्ठेवाल्याचं नाक कापलं जाईल आणि मुलीला कळेल की स्टुलावर बसलेल्या माणसालाही डोळे असतात. मग, नंतर, शांतपणे, जाता जाता बाईंचंही सांगून टाकायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना त्याने ही गंमत आधीच सांगितली, पेपरवाल्याला सांगितली. दोघंही पोट धरून हसले. दोघांपैकी एकालाही ‘मग ज्यांना हवंय त्यांना कळलं कसं?’ हा प्रश्न पडला नाही. शिकलेली आणि न शिकलेली माणसं अशा वेळी अगदी सारखी वागतात.

नवव्या दिवशी दुपारी मात्र त्याला डुलकी लागेना. इमारतीत फार शांत होतं. तो उठला, जिन्यापाशी गेला, तीन पायऱ्या चढला. चौथीवर पाय ठेवला आणि दारातून कचेरीतला माणूस हजेरीचं बाड घेऊन आत आला. लिफ्टवाला तीन पायऱ्या उतरला आणि जागेवर येऊन बसला.

“सगळं ठीक?” कचेरीच्या माणसाने विचारलं.

“आपण असताना काय होणार?” लिफ्टवाला म्हणाला.

तेरावा दिवस उजाडला. तळमजला पोपटी झाला. तीस-पस्तीस मुलं, फोटोवाला, दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक, आणि मधोमध डीनसाहेब. युद्धातही त्यांच्या बुटांना पॉलिश होतं. लिफ्टवाल्याने सदरा धुऊन घातला होता. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. डोळे खोल गेलेले, नखांत काळं साचलेलं. बापाकडे बघून ती जराशी हसली, कारण त्याने आज दाढी केली होती.

डीनसाहेबांनी भाषण केलं. नागरिक कसा असावा, विद्यार्थ्यांची जबाबदारी, इतिहास कसा आपल्याकडे बघतो आहे, वगैरे. मग पुठ्ठेवाल्याने अहवाल वाचला. अकरा घरं, इतके कॅन, इतके तास.

“छान,” डीनसाहेब म्हणाले. “आणि लोकांना कळवलंत कसं? मदत हवी त्याने यायचं कुठे?”

“सर, सूचना लावली होती.” पुठ्ठेवाल्याचा आवाज जरा खाली गेला. “पाहणीनुसार, सर.”

“कुठे?”

लिफ्टवाला उठला. सव्वीस वर्षांत इतक्या डौलात तो कधी उठला नव्हता. किल्ली काढली, कुलूप उघडलं, बाहेरची जाळी सरकवली, आतली जाळी सरकवली, आणि एखाद्या मोठ्या पाहुण्याला वर न्यायचं असावं तसा हात पुढे केला.

“इथे, साहेब. सूचना फार चांगली आहे. फक्त वाचायला लिफ्टने यावं लागतं.”

हे वाक्य त्याने सात दिवस घोटलं होतं. ते बसलंही नेमकं. आधी इतिहासाचे प्राध्यापक हसले, मग फोटोवाला, मग डीनसाहेबांनाही राहवलं नाही, आणि ते हसले म्हटल्यावर सगळी जॅकेटं हसली. पुठ्ठेवाला कानापर्यंत लाल झाला. “तुम्ही एकटे नाही,” कोणीतरी सूचनेतलं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि पुन्हा हशा पिकला. लिफ्टवाल्याने हसता हसता मुलीकडे पाहिलं.

मुलगी हसत नव्हती. ती गर्दीतून पुढे आली आणि तिने पुठ्ठेवाल्याच्या हातातून यादी ओढून घेतली.

“नववा मजला बंद?” ती म्हणाली. “नववा कसा बंद?”

“घंटी वाजवली होती आम्ही,” पुठ्ठेवाला म्हणाला. “दार पण ठोठावलं.”

“त्यांना ऐकू येत नाही! घंटीला दिवा आहे. विजेचा!” ती बापाकडे वळली. “तुम्हीच लावलाय ना तो? बाबा? तुम्ही म्हणालात, पोरं बघतात.”

लिफ्टवाल्याचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. त्याचं काय करावं हे त्याला कळेना.

“त्यांच्याकडे पिंपं आहेत,” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

डीनसाहेबांनी घड्याळात पाहिलं. आणि मग एक आवाज झाला, पुठ्ठा फरशीवर पडल्याचा. त्या मुलाला पुठ्ठ्याशिवाय कोणी पहिल्यांदाच पाहत होतं. त्याने एक कॅन खांद्यावर टाकला आणि जिन्याकडे धाव घेतली. मुलगी त्याच्या मागे. तिच्या मागे आणखी तिघं. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, मग बहुधा लाज वाटून खाली केला.

लिफ्टवालाही निघाला. पळाला म्हणवत नाही, पण निघाला. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याचा श्वास टिकला. पाचव्यावर कठड्याला धरून तो उभा राहिला आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण या इमारतीचा वरचा जिना कधी पाहिलेलाच नाही. भिंतीचा रंग हिरवा आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. सहाव्यावर कोणीतरी त्याच्या अंगाला घासून वर गेलं आणि “सरका हो” म्हणालं. आठव्यावर त्याच्या पायांत गोळे आले. त्याच्या मनात एकच गोष्ट चालली होती, आणि ती बाईंची नव्हती. बाई मेल्या असतील तर कार्ड जाईल का, हे तो मोजत होता. खोटं कशाला सांगा.

बाई मेल्या नव्हत्या. मुलीने दाराखालून यादीचा कागद सरकवून हलवला होता, लहानपणी वीज गेली की हलवायची तसा. बऱ्याच वेळाने आतून कडी निघाली होती. लिफ्टवाला वर पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. बाई जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. होत्या त्याच्या अर्ध्या झाल्या होत्या. पुठ्ठेवाला गुडघ्यांवर बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत होता, आणि दर चमच्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. कोपऱ्यात दोन पिंपं आडवी पडली होती. टेबलावर एका वाडग्यात कच्चं पीठ कालवलेलं, सुकून चिरा पडलेलं. तीन दिवसांपासून पाणी संपलेलं होतं. त्याआधी त्यांनी दोनदा जिन्यात जाऊन हाकाही मारल्या होत्या. सातव्याच्या वर ऐकायला कोणी नव्हतं.

मुलगी आत नव्हती. ती बाहेर, लिफ्टच्या जाळीपाशी उभी होती. नवव्या मजल्याच्या जाळीत कागदाच्या सुरळ्या खोचलेल्या होत्या, एकाखाली एक, नीट ओळीत. सात. लिफ्ट तेरा दिवस वर आली नव्हती, त्यामुळे त्या कोणी काढल्या नव्हत्या. ती एकेक काढून वाचत होती. बाप शेजारी येऊन उभा राहिला तरी तिने वर पाहिलं नाही. ती मोठ्याने वाचू लागली.

“‘भाऊ, सवडीने एक पाव आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणाल का? घाई नाही.’” तिने ती चिठ्ठी खाली टाकली नाही, जॅकेटच्या खिशात ठेवली. “‘भाऊ, पाव राहू द्या. पाणी मात्र आणा.’” पुढची. “‘भाऊ, पाणी.’” त्यानंतरच्या तीन चिठ्ठ्यांवर तेवढंच होतं, फक्त अक्षर प्रत्येक वेळी मोठं आणि वाकडं होत गेलेलं. सातवी उलगडायला तिला वेळ लागला. ती वाचताना तिचा आवाज अगदी कोरडा होता.

“‘भाऊ, आज माझ्या ध्यानात आलं, तुम्हाला लढाईवर नेलं असणार. एरवी तुम्ही आला असता. मी उगीच चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहीत बसले, राग मानू नका. मुलीला सांगा, काळजी करू नको म्हणावं. जिथे असाल तिथे जीव सांभाळून राहा.’”

लिफ्टवाल्याने हात पुढे केला. मुलीने ती चिठ्ठी त्याला दिली नाही. घडी घालून बाकीच्यांबरोबर खिशात ठेवली, खिशाची चेन वर ओढली आणि रिकामा कॅन घेऊन ती जिना उतरू लागली. अजून पाणी लागणार होतं.

आतून बाईंचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा असतो तसा, गरजेपेक्षा मोठा, पण तळाशी चिरलेला. दारात कोण उभं आहे ते त्यांना दिसलं होतं.

“भाऊ! आलात? सुट्टी मिळाली का हो?”

खोलीतली मुलं वळून त्याच्याकडे बघू लागली. जिन्यात मुलीची पावलं थांबली. आठव्या आणि नवव्याच्या मध्ये कुठेतरी, जिथून वरचं सगळं ऐकू येतं आणि कठड्याच्या गजांमधून थोडंफार दिसतंही. लिफ्टवाल्याने सदऱ्याच्या वरच्या खिशावर हात ठेवला. बाई उत्तराची वाट बघत होत्या. त्यांना ऐकू येत नसल्यामुळे बोलून काही सांगायचं नव्हतंच. मान हलवायची होती, हो किंवा नाही.

त्याने होकारार्थी मान हलवली.

जिन्यातली पावलं पुन्हा सुरू झाली. या वेळी ती भराभर उतरत गेली.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” बाई समोरच्या मुलाला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मुलाने मान खाली घातली. “किती दमलेत बिचारे. अरे, बघत काय बसलास? यांना खुर्ची दे. लढाईवरून आलेत.”

पुठ्ठेवाला उठला. त्याने टेबलाजवळची खुर्ची ओढून लिफ्टवाल्यासमोर ठेवली आणि त्याच्याकडे न बघता बाजूला झाला.

लिफ्टवाला बसला.